सिस्टरच्या पगारावर टीडीएस कापायचा का? कर आणि सरकार यांबद्दल ख्रिस्ती धर्म काय सांगतो

सरकारी अनुदान मिळणाऱ्या एका शाळेत एक सिस्टर शिकवते. दर महिन्याला तिच्या नावाने पगार निघतो, पण तो तिच्याकडे राहत नाही. तिने दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, म्हणून सगळी रक्कम तिच्या धर्मसंघाकडे जाते. मग या पगारातून टीडीएस कापायचा की नाही?

या प्रश्नावर तमिळनाडू आणि केरळमध्ये अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने याविषयीची ९३ अपिलं एकदम फेटाळली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठाचं म्हणणं सरळ होतं. कुणी नोकरी करतं, त्याबद्दल पगार मिळतो, म्हणजे ते उत्पन्न आहे. ते उत्पन्न पुढे कुणाला दिलं, यामुळे टीडीएस टळत नाही. उद्या एखाद्या हिंदू पुजाऱ्याने आपला पगार संस्थेला देतो असं सांगितलं, तरी नियम तोच राहील, हेही न्यायालयाने सुनावणीत बोलून दाखवलं.

त्याआधी २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही असाच निकाल दिला होता. त्या निकालात न्यायालयाने आयकर कायद्याच्या जोडीला थेट बायबलचा आधार घेतला. कैसराचं जे आहे ते कैसराला द्यावं आणि देवाचं जे आहे ते देवाला, ही येशूंची शिकवण न्यायमूर्तींनी चर्चच्याच लोकांना आठवून दिली.

पण हे वाक्य नेमकं काय सांगतं, यावर खुद्द ख्रिस्ती लोकांमध्येच दोन हजार वर्षं वाद आहे. त्याच्या आधारे लोकांनी निमूटपणे कर भरले आहेत आणि त्याच्याच आधारे कर नाकारून तुरुंगही पत्करला आहे.

तो प्रश्न मुळात सापळा होता

प्रसंग मार्क, मत्तय आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येतो. स्थळ जेरुसलेमचं मंदिर, काळ साधारण इसवी सन ३० च्या आसपासचा. परुशी आणि हेरोदाच्या बाजूचे लोक येशूंकडे येतात आणि विचारतात, कैसराला कर देणं योग्य आहे की नाही?

ही साधी शंका नव्हती. इसवी सन ६ मध्ये यहूदिया प्रांत थेट रोमच्या अंमलाखाली आला आणि कर बसवण्यासाठी क्विरिनियस या रोमन अधिकाऱ्याने तिथल्या माणसांची आणि मालमत्तेची नोंदणी केली. त्याविरुद्ध गालीलच्या यहूदा नावाच्या माणसाने बंड केलं. आमचा राजा फक्त देव, मग रोमला कर देणं म्हणजे गुलामी, असं तो म्हणत होता. बंड मोडलं गेलं, पण तो विचार लोकांच्या डोक्यात राहिला.

म्हणजे येशू ‘द्या’ म्हणाले असते, तर रोमनांच्या करांनी पिचलेल्या सामान्य लोकांच्या मनातून उतरले असते. ‘देऊ नका’ म्हणाले असते, तर रोमन सुभेदाराकडे तक्रार करायला माणसं तयारच होती. इकडे आड, तिकडे विहीर.

येशूंनी एक देनारियस मागितलं. हे चांदीचं रोमन नाणं म्हणजे तेव्हाची साधारण एका दिवसाची मजुरी. त्यावर कुणाचं चित्र आणि कुणाचं नाव आहे, असं त्यांनी विचारलं. कैसराचं, असं उत्तर आलं. मग ते प्रसिद्ध वाक्य आलं आणि विचारणारे गप्प झाले.

इथे दोन बारकावे सहज निसटतात. एक म्हणजे नाणं येशूंकडे नव्हतं, ते त्यांनी मागून घेतलं. दुसरा बारकावा नाण्यावरच्या मजकुरात आहे. तेव्हा सम्राट होता टायबेरियस. त्याच्या देनारियसवर त्याचा उल्लेख ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ असा असायचा. एकच देव मानणाऱ्या, मूर्ती आणि प्रतिमा निषिद्ध मानणाऱ्या ज्यू समाजाच्या मंदिरात हे नाणं कुणाच्या तरी कमरेला होतं! सापळा लावणारेच कैसराच्या पैशावर व्यवहार करत होते, हे त्या एका कृतीतून उघड झालं.

मग येशूंनी कर द्यायला सांगितलं की नाही? बहुतेक ख्रिस्ती अभ्यासक ‘हो’ म्हणतात. पण वाक्याचा दुसरा भाग पहिल्याला मर्यादा घालतो, हेही ते सांगतात. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन या लेखकाने हे फार नेमकं मांडलं. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणं कैसराचं. माणूस मात्र देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे, असं बायबलचं पहिलंच पुस्तक म्हणतं, म्हणून माणूस देवाचा. थोडक्यात, सरकारने पैसे मागावेत, अख्खा माणूस मागू नये.

आणखी एक गोष्ट. लूकच्या वृत्तांतात येशूंना पिलाताच्या समोर उभं केलं जातं, तेव्हाच्या आरोपांपैकी एक असा आहे की, हा माणूस लोकांना कैसराला कर देऊ नका असं सांगतो. म्हणजे ते उत्तर ऐकूनही विरोधकांनी त्याचा हवा तसा अर्थ लावला होताच.

जकातदारांशी मैत्री

मराठी बायबल वाचणाऱ्याला एक शब्द सारखा भेटतो, ‘जकातदार’. जकात नाक्यांवरच्या रांगा पाहिलेल्या मराठी माणसाला या शब्दाचा रोख सांगायला नको. रोमन राज्यात जकात वसुलीचे ठेके दिले जायचे आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त उकळणं सर्रास चालायचं. त्यामुळे जकातदार म्हणजे समाजाने ओवाळून टाकलेली जमात.

येशूंच्या बारा शिष्यांपैकी मत्तय हा जकातदार होता. यरीहोचा श्रीमंत मुख्य जकातदार जक्कय याच्या घरी ते स्वतःहून पाहुणे म्हणून गेले. जक्कयने नोकरी सोडली असं कथेत कुठेच म्हटलेलं नाही. निम्मी संपत्ती गरिबांना देईन आणि कुणाला फसवलं असेल तर चौपट परत करीन, असं त्याने जाहीर केलं. करवसुली हे पाप नाही, वसुलीतली लूट हे पाप आहे, असा याचा अर्थ पुढे लावला गेला.

पौलाचं पत्र: सगळ्यात जास्त वापरलेला आणि सगळ्यात जास्त वादग्रस्त उतारा

इसवी सन ५७ च्या सुमारास पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो की, प्रत्येकाने सत्तेच्या अधीन राहावं, कारण सत्ता देवाने नेमलेली आहे. आणि याच कारणासाठी कर द्या. तो तर दोन वेगवेगळे शब्द वापरतो, एक थेट करासाठी आणि दुसरा जकातीसारख्या करासाठी. म्हणजे गोलमोल काहीच नाही.

तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, हे कळल्यावर वाचणारा चमकतो. पण ही नीरोची सुरुवातीची वर्षं होती. छळ अजून सुरू व्हायचा होता. करांवरून मात्र रोममध्ये धुसफूस होती. इतिहासकार टॅसिटसच्या नोंदीप्रमाणे इसवी सन ५८ मध्ये जकातदारांच्या जाचाबद्दल इतक्या तक्रारी आल्या की, असे कर साफ काढून टाकावेत असा विचार नीरोच्या मनात आला होता. त्याच्या सल्लागारांनी त्याला थांबवलं. अशा वातावरणात एका छोट्या, आधीच संशयित ठरलेल्या गटाने करबंदीच्या भानगडीत पडू नये, एवढाच पौलाचा व्यवहारी सल्ला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. इतरांच्या मते हा सर्व काळासाठीचा नियम आहे. परंपरा सांगते की याच नीरोच्या काळात पौलाचा शिरच्छेद झाला.

बायबल इथेच थांबत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्राला प्रचार थांबवण्याचा हुकूम मिळतो आणि तो म्हणतो की, माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळणं भाग आहे. शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात साम्राज्य हे समुद्रातून वर येणारं हिंस्र श्वापद आहे. एकाच ग्रंथात सत्ता देवाची सेवक आहे आणि श्वापदही आहे. ज्याला जे हवं ते त्याने उचललं, असं म्हटलं तर फार चूक ठरणार नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी काढलेला मार्ग मात्र स्पष्ट होता. दुसऱ्या शतकात जस्टिन या लेखकाने सम्राट अँटोनायनस पायस याला लिहिलेल्या निवेदनात, आम्ही इतरांपेक्षा जास्त तत्परतेने कर भरतो असं ठासून सांगितलं. पण सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायला सांगितलं, की ते नकार देत. त्यासाठी मरायलाही तयार असत. कर घ्या, पूजा मागू नका!

चर्चच सत्तेत आल्यावर

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि पारडं फिरलं. धर्मगुरूंना सवलती मिळाल्या. पुढे चर्च स्वतःच युरोपातलं मोठं जमीनदार झालं आणि प्रश्न असा बनला की, राजाने चर्चकडून कर घ्यावा का?

१२९६ मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी फर्मान काढलं. पोपच्या परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूने राजाला कर द्यायचा नाही आणि राजानेही मागायचा नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने उत्तरादाखल कर न देणाऱ्या धर्मगुरूंचं कायद्याचं संरक्षणच काढून घेतलं. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने देशाबाहेर सोनं-चांदी नेण्यावर बंदी घातली आणि रोमकडे जाणारा पैसा आटला. वर्षभरात पोपना माघार घ्यावी लागली.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर पोपच्या विरोधात उभा राहिला, पण १५२५ मध्ये जर्मन शेतकरी जमीनदारांच्या विरोधात उठले, तेव्हा तो राजांच्या बाजूने गेला आणि बंडखोरांना चिरडण्याची भाषा करू लागला. पौलाचा तेरावा अध्याय त्याच्या हाताशी होताच.

तोच अध्याय, हिटलर आणि वर्णभेद

नाझी काळात जर्मनीतल्या अनेक चर्चनी याच अध्यायावर बोट ठेवून हिटलरची आज्ञा पाळणं हे ख्रिस्ती कर्तव्य ठरवलं. (योगायोग असा की, जर्मन सम्राटाची ‘कैसर’ ही पदवी आणि मराठी बायबलमधला ‘कैसर’ हे दोन्ही शब्द सीझर या एकाच नावातून आलेले आहेत.) मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या प्रोटेस्टंट गटाने याला विरोध करणारं जाहीरनामापत्र काढलं. सरकारचं काम न्याय आणि शांतता राखणं आहे, माणसाच्या सगळ्या आयुष्याचा ताबा घेणं नाही, असा त्याचा आशय होता. या विरोधी गटातले पाद्री डिट्रिश बॉनहोफर पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेले.

दक्षिण आफ्रिकेत १९८५ मध्ये तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी ‘कायरोस डॉक्युमेंट’ प्रसिद्ध केलं. वर्णभेदी सरकार पौलाच्या अध्यायाचा ढालीसारखा वापर करतं, हा त्यातला एक प्रमुख आक्षेप होता. आणि हे जुनं झालं असं समजू नका. जून २०१८ मध्ये अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवर मुलांना आईवडिलांपासून वेगळं करणाऱ्या धोरणाच्या समर्थनार्थ हाच अध्याय पुढे केला, तेव्हा अनेक चर्चनेत्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

कर युद्धासाठी असेल तर?

खरी कसोटी इथे लागते. कर देणं कर्तव्य मानलं, पण त्या पैशातून बंदुका येणार असतील तर?

क्वेकर हा युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ. १७५५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात युद्धखर्चासाठी कर बसला, तेव्हा जॉन वुलमन आणि त्यांच्या काही क्वेकर सोबत्यांनी तो न भरण्याचं ठरवलं. वुलमन पेशाने शिंपी, गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर फिरलेला माणूस. विशेष म्हणजे सगळे क्वेकर त्यांच्या बाजूने नव्हते. कर राजाचा, त्याने तो कुठे खर्च करायचा ते पाप त्याच्या माथी, असं मानणारेही त्या पंथात होते.

आमिश लोकांची गोष्ट वेगळी. ते आयकर भरतात, मालमत्ता कर भरतात. त्यांचा विरोध होता सोशल सिक्युरिटीला, म्हणजे म्हातारपणाच्या सरकारी विम्याला. म्हाताऱ्यांना सांभाळणं ही समाजाची धार्मिक जबाबदारी आहे, ती सरकारकडे सोपवायची नाही, हा त्यांचा मुद्दा. १९६१ मध्ये कर खात्याने पेनसिल्व्हेनियातल्या एका आमिश शेतकऱ्याचे नांगराचे तीन घोडे ऐन नांगरणीच्या दिवसांत जप्त केले. बोभाटा झाला आणि १९६५ मध्ये स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या आमिशांना कायद्याने सूट मिळाली. मात्र १९८२ मध्ये मजूर ठेवणाऱ्या आमिश मालकाचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा निकाल विरोधात लागला. सरकार पैसा कसा खर्च करतं ते श्रद्धेला पटत नाही म्हणून प्रत्येकजण कर नाकारू लागला, तर करव्यवस्था चालणारच नाही, असं न्यायालयाने बजावलं.

त्याच वर्षी सिएटलचे कॅथलिक आर्चबिशप रेमंड हंटहाउसन यांनी अण्वस्त्रांच्या निषेधार्थ आपला निम्मा आयकर रोखून धरला. कर खात्याने मग त्यांच्या पगारातूनच वसुली केली. त्यांच्याच चर्चची अधिकृत शिकवण मात्र कर भरणं हे नैतिक कर्तव्य मानते. सरकारची आज्ञा नीतीच्या विरोधात असेल तर ती पाळू नये, असंही तीच शिकवण सांगते.

भारतात, १९३०

दांडीयात्रा सुरू असताना, २७ मार्च १९३० च्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी याच कैसराच्या वाक्यावर लेख लिहिला. येशूंनी कर द्यायला सांगितलं आहे, मग तुम्ही कायदेभंग कसा शिकवता, हा आक्षेप त्यांच्यापुढे होता. गांधीजींचा अर्थ असा होता की, येशूंनी सापळ्याला थेट उत्तर दिलंच नाही. कैसराच्या नाण्यावर चालणाऱ्या, त्याच्या राज्याचे फायदे घेणाऱ्यांना त्यांनी टोला लगावला. जो ते फायदे सोडतो, तो कर नाकारू शकतो. येशूंचं सगळं आयुष्यच असहकाराकडे बोट दाखवतं, असं त्यांचं मत होतं.

मिठावरच्या कराच्या या लढ्यात एक ख्रिस्ती माणूस होता ज्याला करांचं गणित पक्कं ठाऊक होतं. जे. सी. कुमारप्पा, मूळचे तंजावरकडचे, मुंबईत हिशेब तपासनीस म्हणून व्यवसाय करणारे, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकून आलेले. ब्रिटिशांच्या करातून भारत कसा गरीब होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. गांधीजींसाठी त्यांनी गुजरातमधल्या मातर तालुक्यात घरोघरची आर्थिक पाहणी केली. अँग्लिकन चर्चचे भारतातले प्रमुख बिशप फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा त्यांना उत्तर देणारे कुमारप्पाच होते. दोघांच्या हातात बायबल एकच.

कराबाहेरचं एक प्रकरणही इथे सांगायला हवं. केरळमधल्या यहोवाज विटनेस पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून १९८५ मध्ये शाळेतून काढलं गेलं. ती मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, गात मात्र नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. हा पंथ कर काटेकोरपणे भरतो. पैसा सरकारचा, भक्ती फक्त देवाची, ही टर्टुलियनची विभागणी त्यांनी अक्षरशः उचलली आहे.

मग सिस्टरच्या पगाराचं काय?

आता पुन्हा त्या ९३ अपिलांकडे येऊ. यात कुणीही कर देणं धर्माला मंजूर नाही असं म्हणत नव्हतं. मुद्दा वेगळाच होता. ब्रिटिश काळात, १९४४ मध्ये, मिशनरी आपली कमाई नियमाप्रमाणे धर्मसंघाला देत असतील तर ती त्यांची वैयक्तिक कमाई धरू नये, असं परिपत्रक निघालं होतं. १९७७ मध्ये त्याच धर्तीचं आणखी एक आलं. त्यानुसार कितीतरी दशकं पगारातून काही कापलं जात नव्हतं. २०१४ मध्ये आयकर खात्याने भूमिका बदलली आणि भांडण सुरू झालं.

चर्चच्या कायद्यानुसार कायमचं व्रत घेतलेली व्यक्ती मालमत्तेच्या दृष्टीने जणू मृतच, असा युक्तिवाद झाला. त्यासाठी ‘नागरी मृत्यू’ ही संकल्पना मांडली गेली. अपघातात सिस्टर किंवा फादर यांचा मृत्यू झाला तर कुटुंबाला भरपाई मागता येत नाही, असा केरळ उच्च न्यायालयाचा जुना निर्णयही वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दाखवला. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मद्रास उच्च न्यायालयात सुरुवातीला तो टिकलाही, पण २०१९ मध्ये तिथल्या खंडपीठाने निकाल फिरवला. चर्चचा अंतर्गत कायदा आयकर कायद्याच्या वर जाऊ शकत नाही आणि कायद्याच्या नजरेत पगार घेणारी व्यक्ती जिवंत नागरिकच आहे, यावर शेवटी शिक्कामोर्तब झालं.

प्रत्यक्षात याचा परिणाम असा. जुनी परिपत्रकं मिशनरींच्या फी आणि तत्सम कमाईबद्दल होती, सरकारी तिजोरीतून येणाऱ्या पगाराला ती लागू नाहीत. त्यामुळे पगार करपात्र मर्यादेच्या वर असेल तर तो देताना टीडीएस कापला जाईल. टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. इतर कोणत्याही शिक्षकाप्रमाणे सिस्टरलाही स्वतःच्या पॅन क्रमांकावर विवरणपत्र भरावं लागेल आणि जास्त कापलं गेलं असेल तर परतावा तिच्याच नावाने येईल. तो ती धर्मसंघाला देईल. आयकर खात्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.